रिकाम्या घोड्याचा तंग

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढं तुम्हीच म्हणाल, हा कसला माणूस, स्वतःच्या म्हाताऱ्या आईवर खेकसतो. खेकसलो होतो, खरं आहे. आणि ज्या गोष्टीवरून खेकसलो तीत ती बरोबर होती आणि मी, तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलेला मास्तर, सपशेल चुकलो होतो. तीच हकीकत लिहायला बसलोय.

आमची गाडी जुनी अँबॅसिडर. जिंतूरच्या एका जिनिंगवाल्याच्या दारात उभी असायची. त्यांनी नवी घेतली तेव्हा ही माझ्याकडं आली. मूळची पांढरी, आता ज्वारीच्या भाकरीच्या रंगाची झालीय. तिचं बहुतेक काम मी घरीच करतो. एक तर हौस, आणि दुसरं म्हणजे गावातल्या गॅरेजवाल्यांना तिच्याकडं बघून हसू येतं आणि मला त्यांच्या हसण्याचा राग येतो. ब्रेक केले, क्लच केला, एकदा इंजिनही उतरवलं. फक्त मागच्या पाट्यांना कधी हात लावला नव्हता. पाटे म्हणजे मागच्या चाकांवरची लोखंडी कमान, पट्टीवर पट्टी रचलेली. गाडीचं मागचं सगळं ओझं तिच्यावर. कमानीच्या दोन टोकांना दोन डोळे असतात, आणि लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून त्या डोळ्यांत रबराचे बुश बसवलेले असतात. माझ्या गाडीतले बुश कधी बदलले होते की कधीच बदलले नव्हते, देव जाणे. बायको म्हणायची, मागच्या सीटवर बसलं की चाळणीत घालून चाळल्यासारखं होतंय. मी म्हणायचो, जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच.

मग गेल्या श्रावणात माय अंगणात घसरून पडली आणि तिचा खुबा मोडला. परभणीला ऑपरेशन झालं, आत धातूचा गोळा बसवला. डॉक्टरांनी दोन गोष्टी निक्षून सांगितल्या. गुडघ्यापेक्षा खाली असलेल्या कशावरही बसायचं नाही, आणि खुब्याला दणके बसू द्यायचे नाहीत. जी बाई जन्मभर भुईवर बसून जेवली, भुईवर बसून धान्य निवडत आली, तिला आता विटांवर चढवलेल्या खुर्चीची शिक्षा. तिनं तक्रार केली नाही. खुर्ची ओसरीत टाकून घेतली आणि तिथून साऱ्या घरावर नजर ठेवू लागली.

माझी मावशी, मायची थोरली बहीण, चुडाव्याला असायची. सहा भावंडांतल्या ह्या दोघीच उरलेल्या. थंडीच्या सुरुवातीला मावसभावाचा फोन आला की मावशीनं अंथरूण धरलंय, पेजेशिवाय पोटात काही जात नाही आणि सारखी म्हणते, धाकटीला आणा. फोनवर बोलून भागलं असतं तर भागवलं असतं. पण मावशीला कानाशी तोंड नेऊन ओरडल्याशिवाय ऐकू यायचं नाही, फोन तिच्या लेखी मुकाच. संध्याकाळी माय मला म्हणाली, "मला एकदा तिच्यापाशी ने बाबा. मंग माझं काही मागनं न्हाई."

त्यात काय मोठं, असं मला वाटलं. शेजाऱ्याची नवीकोरी गाडी मागितली, त्यानं लगेच दिली. पण ह्या नव्या गाड्यांची सीटं इतकी खाली की मायला आत बसवायचं म्हणजे विहिरीत उतरवायचं. एसटीची पहिली पायरीच तिच्या आवाक्याबाहेर. परभणीहून चुडाव्याला रेल्वे जाते, पण डब्याच्या पायऱ्या एसटीपेक्षा वाईट. उरली आमची अँबॅसिडर. तिचं मागचं सीट पलंगाएवढं उंच, दार रुंद. माय पाठमोरी होऊन टेकली, मी तिचे पाय उचलून आत घेतले, झालं काम. ती खूश होऊन म्हणाली, ही माझ्या मापाची हाय.

तिची ती खुशी शाळेजवळच्या गतिरोधकापर्यंत टिकली. मागून ठक्क आवाज आला आणि दणका सीटमधून सरळ वर गेला. आरशात पाहिलं तर मायनं पदर दातांत धरला होता. पुढच्या वळणावर गाडीचं बूड एकीकडं सरकलं आणि तिनं दाराची मूठ घट्ट पकडली. मी गाडी वळवली. घरी उतरताना ती एवढंच बोलली की ऱ्हाऊ दे, माझ्यानं न्हाई व्हायचं. मग वॉकर टेकत टेकत आत गेली, आणि त्या दिवशी ओसरीतल्या खुर्चीत येऊन बसलीच नाही. मी गतिरोधकाला, रस्त्याला, रस्ता करणाऱ्याला यथेच्छ शिव्या घातल्या आणि मग मुकाट्यानं गाडीखाली शिरलो.

गाडीखाली जे दिसलं ते सांगायला लाज वाटते. बुशांचं रबर फुगून, मऊ होऊन डोळ्यांबाहेर आलं होतं. बोट लावलं की बोटाला काळा चिकटा. हे माझंच कर्तृत्व. त्याचं असं आहे, आमच्या घरात जे कुरकुरतं ते वंगण मागतं, असा शिरस्ता. बैलगाडीचं चाक असो नाहीतर दाराची बिजागरी. बैल होते तोवर पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, त्यांच्या खांद्यांना हळद आणि तूप चोळायचो. बैल गेले, पण तो दिवस मला मोकळा सोडवेना. म्हणून दर खांदेमळणीला मी गाडीखाली झोपून तिच्या पाट्यांच्या डोळ्यांत इंजिनाचं जळकं ऑइल सोडायचो, अगदी मायेनं, चोळून चोळून. कुरकुर थांबायची आणि मी खूश. त्या ऑइलानं रबर आतून कुजत चाललंय हे मला कोण सांगणार? सांगितलं असतं तरी मी ऐकणाऱ्यातला नाही.

परभणीत एक म्हातारे मिस्त्री आहेत. हात थरथरतात म्हणून आता पाना धरत नाहीत, दुकानात नुसते बसतात. पण आमच्या भागात ह्या गाडीची नाडी ओळखणारा दुसरा माणूस नाही. मी रबराचा एक लगदा कागदात गुंडाळून नेला होता. त्यांनी वास घेतला, माझ्याकडं वर बघितलं आणि विचारलं, "इसकू तेल कौन पिलाया?" मी म्हणालो, मीच, दर पोळ्याला. त्यांची दाढी हलत होती, म्हणजे हसू दाबत होते. मग त्यांनी समजावलं की तेल लोखंडाला द्यायचं, रबराला साबणाचं पाणी, एवढं गाठीला बांधून ठेवा. फळीवरचा एक पत्र्याचा डबा त्यांनी मला काढायला लावला. आत संगजिऱ्याच्या पांढऱ्या भुकटीत नवे बुश पुरून ठेवले होते. रबर असं ठेवलं की चिकटत नाही, सुकत नाही. किती वर्षं जपले होते कोण जाणे. जुने कसे काढायचे, काढायचा पुल्लर घरच्या घरी कसा करायचा, हे त्यांनी थरथरत्या बोटानं हवेत रेखून दाखवलं. निघताना म्हणाले, बाकी तो तुमकू मालूम रहताच. मी मान डोलावली. आपल्याला काय माहीत नाही हे विचारायची मला लहानपणापासून लाज वाटते, आणि ती खोड मास्तर झाल्यावर वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी अंगणातल्या फरशीवर घेतली. जॅकनं मागची बाजू उचलली आणि खाली दोन घोड्या लावल्या. घोडी म्हणजे लोखंडी पायांचा आधार. जॅक दगा देतो, घोडी देत नाही. बायकोला ओरडून सांगितलं, गाडी घोडीवर घेतलीय, कुणाला जवळ येऊ देऊ नको. त्या आवाजानं माय वॉकर घेऊन बाहेर आली आणि खुर्चीत बसली. म्हणाली, घोडीवर गाडी? आमच्या वक्ताला घोडीवर बिऱ्हाड ऱ्हायचं. तिला त्या शब्दाची गंमत वाटली आणि बराच वेळ ती आपल्याशीच हसत राहिली.

मायचं माहेर मेंढरांचं. लग्नाआधी ती आणि मावशी बापाबरोबर मेंढरांमागं फिरायच्या. दिवाळी झाली की जिंतूरचे डोंगर उतरून गोदाकाठाकडं, आणि भांडी, घोंगड्या, नुकती जन्मलेली कोकरं, सगळा संसार एका घोडीच्या पाठीवर. हे मी शंभरदा ऐकलं होतं. शंभरदा ऐकलेलं आपण ऐकत नसतो.

पहिला नट सुटायला दुपार झाली. गंजानं नट आणि बोल्ट एक झाले होते. डिझेल सोडून ठेवलं, हातोडीनं ठोकलं, पान्याला पाइप अडकवून त्यावर लोंबकळलो. बायको म्हणाली, तुमच्या शिव्या ऐकून तो भिऊन अजून आत जायलाय. पाट्याच्या मागच्या टोकाचे बुश नुसत्या हातानं निघाले, लगदाच तो. पुढच्या डोळ्यातला मात्र सुखासुखी येईना. त्याची रचना अशी की बाहेर लोखंडी नळी, तिच्यात रबर, रबरात आणखी एक बारकी नळी, तिन्ही एकजीव. बोअरच्या पाइपाचा तुकडा, एक लांब बोल्ट आणि चार वायसर घेऊन मी मिस्त्रींनी हवेत रेखलेला पुल्लर केला आणि आवळत गेलो. अर्धा तास काही नाही. मग कडाड असा आवाज झाला. मला वाटलं पाटाच तुटला. बायको पिठाच्या हातांनी पळत आली. बुश दोन बोटं बाहेर आला होता.

तो बुश मी करवतीनं आडवा कापला. कशासाठी, मलाही ठाऊक नाही, मास्तरची खोड. कापला आणि नुसता बघत राहिलो. आतली बारकी नळी मधोमध असायला हवी, ती पार एका कडेला उतरली होती. वरच्या अंगाला रबर जाड, खालच्या अंगाला कागदाएवढं पातळ. इतकी वर्षं त्या गाडीत जे जे बसलं, जिनिंगवाल्याकडचे पाव्हणे, आमच्या घरची वऱ्हाडं, ज्वारीची पोती, दवाखान्यात नेलेले माझे वडील, त्या सगळ्यांचा भार ह्या बोटभर रबरावर टेकलेला होता आणि कुणालाही ते दिसलं नव्हतं. आणखी एक गोष्ट मला तिथं, फरशीवर बसल्या बसल्या कळली. हा बुश फिरत नाही. चाक खड्ड्यात गेलं, पाटा हलला, की रबर पीळ खातं. चाक वर आलं की पीळ सोडून जसं होतं तसं होतं. बैलगाडीच्या आसासारखी त्यात घासाघीस नाही, म्हणून त्याला वंगण नकोच. खड्ड्यागणिक पीळ खायचा आणि सोडायचा, बस. मी थक्क झालो. इतकं साधं आणि इतकं मोठं काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्याच बुडाखाली चाललं होतं.

दोन्ही तुकडे घेऊन मी मायच्या खुर्चीपाशी गेलो. तिनं पातळ बाजूवरून बोट फिरवलं. मी तिला पीळ कसा पडतो आणि कसा सुटतो ते हाताची मूठ फिरवून दाखवलं. ती म्हणाली, माझ्या खुब्यातबी असंच झिजलं असल. तुकडे मी धुऊन भिंतीतल्या देवळीत ठेवले, अजून तिथंच आहेत.

दुसरा दिवस नवे बुश बसवण्यात गेला. साबणाचं पाणी लावलं की ते असे सुळकन आत जातात की आपल्याला आपलंच कौतुक वाटतं. सगळे बोल्ट घातले, पान्याला पाइप लावला आणि जीव खाऊन एकेक नट आवळला. गाडी तेव्हा घोड्यांवरच होती, मागची चाकं हवेत लोंबत होती. मग चाकं घट्ट केली, घोड्या काढल्या, गाडी भुईवर उतरवली आणि मी दोन पावलं मागं सरून कौतुकानं बघू लागलो.

गाडीचं काहीतरी बिनसलं होतं. मागची बाजू वर उचललेली, पाय ताणून उभी असल्यासारखी. मी डिकीवर हात ठेवून दाबलं तर ती दबेना, आणि आतून कर्रर्र असा आवाज आला. पुन्हा दाबलं, पुन्हा कर्रर्र. माझा हात आपोआप ऑइलच्या डब्याकडं गेला. बायको म्हणाली, पाजा, पुन्हा पाजा तिला. मी डबा आपटला.

माय ओसरीतून सगळं बघत होती. तिनं विचारलं, "तंग कवा आवळलास?"

तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा, ज्यानं पाठीवरचं खोगीर आणि ओझं जागेवर राहतं. माझ्या डोक्यात आधीच राख. मी म्हणालो, कसला तंग? ती शांतपणे म्हणाली, ते पेच आवळलेस ते गाडी घोडीवर व्हती तवा, का खाली आल्यावर? मी म्हणालो, वर असताना, खाली आल्यावर कुणी आवळतं का? तेव्हा ती म्हणाली, "मंग रिकाम्या घोड्याचा तंग आवळलास म्हन की."

आणि मी खेकसलो. "माय, ही गाडी हाय, मेंढरामागचं घोडं न्हाई. तुला ह्यातलं काय कळतंय?"

बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की मी मान खाली घातली. माय रागावली नाही. स्वतःच्या हातांकडं बघत तिनं सांगितलं की पाठ रिकामी असताना तंग आवळला की तो त्या रिकाम्या पाठीच्या मापाचा होतो. मग ओझं चढतं, पाठ दबते, पोट फुगतं, आणि पट्टा कातड्यात रुततो. म्हणून आधी ओझं लादायचं, घोडीला चार पावलं चालवायचं, ओझं आपली जागा धरतं, आणि मग तंग आवळायचा. मावशी घोडीचं तोंड धरायची आणि माय तिच्या पोटाला गुडघा लावून पट्टा ओढायची. एकदा घाईत तिनं रिकाम्या घोडीचा आवळला होता. मुक्कामाला पोचेस्तोवर घोडीची कातडी सोलून निघाली. बापानं हात उगारला नाही. त्यानं जखम भरेस्तोवर घोडीवरचं बिऱ्हाड स्वतःच्या डोक्यावर वाहिलं आणि ह्या दोघी बहिणी त्याच्या मागं खालमानेनं चालल्या. तवापासून इसरले न्हाई, ती म्हणाली.

कालच मी तिला मूठ फिरवून दाखवलं होतं की रबर पीळ खातं आणि सोडतं. आता चाकं हवेत लोंबत असताना मी नट आवळले, म्हणजे रबराला मी सांगितलं की हीच तुझी विसाव्याची जागा. मग गाडी भुईवर आली, ओझं बसलं, आणि रबराला उभ्या उभ्याच पीळ पडला. त्याला आता विसावा म्हणून नाहीच. गाडी दारात उभी असली तरी ते पिळलेलंच, आणि खड्डा आला की त्याच्यावर आणखी पीळ. चार महिन्यांत फाटलं असतं, आणि त्याआधी प्रत्येक दणका मायच्या खुब्यात गेला असता. भार, बल, ताण, हे सगळं मी तीस वर्षं फळ्यावर काढत आलो. आणि जिला सही करता येत नाही तिनं खुर्चीत बसून, पान्याला हात न लावता, ते एका वाक्यात सांगितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

तरी खात्री म्हणून मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, हो तर, लदलेल्या गाडीतच कसायचं, थोडी पुढंमागं ढकलून मग कसायचं, ये तो सब कू मालूम रहता. मग त्यांनीच विचारलं, तुमकू कौन बोला? मी म्हणालो, माझ्या मायनं. मग ते म्हणाले, "माँ कू मेरा सलाम बोलो."

सगळे नट पुन्हा सैल केले. रबरानं पीळ सोडला तसं गाडीचं बूड हळूच चार बोटं खाली आलं. मी आणि बायकोनं गाडी चार पावलं पुढं, चार पावलं मागं ढकलली. मागची चाकं दोन जाड बाभळीच्या फळ्यांवर चढवली, खाली शिरायला जागा हवी म्हणून, आणि चारी चाकांना दगड लावले. आता ओझं हवं होतं. बायको म्हणाली, घरात ज्वारीची पोती आहेत, ती टाकू.

"पोती कशाला?" माय म्हणाली. "जायचं कुनाला हाय?"

तिनं वॉकर ओढला आणि उठली. ओसरीपुढचा उतार, अंगण, फरशी. गाडी फळ्यांमुळं आणखी उंच झाली होती, तर बायकोनं खाली पाट ठेवला. माय पाठमोरी होऊन सीटवर टेकली, मी पाय उचलून घेतले, बायकोनं वॉकर बाजूला ठेवून तिच्या हातात काठी दिली. मग मी गाडीखाली सरकलो. माझ्या छातीवर हातभर उंचीवर माझी माय बसली होती, आणि तिच्यात आणि माझ्यात ते नवे बुश. गाडीचं बूड तिच्या वजनानं किंचित खाली आलं आणि थांबलं. आवाज झाला नाही. मला बोलून माफी मागता येत नाही, आमच्यात तशी पद्धतही नाही. मी खालून विचारलं, "माय, किती आवळू?"

वरून तिचा आवाज आला की घोडीला दोन बोटं शिरतील एवढा ढिला ठेवायचा असतो, तुझ्या गाडीचं तुझं तू बघ. बायको हसली. मी एकेक नट आवळला, अगदी बेतानं. प्रत्येक नट झाला की वरून माय काठीनं गाडीच्या तळावर टक् करायची, झालं का म्हणून. मी खालून पान्यानं टक् करायचो.

दोन दिवसांनी सकाळी निघालो. त्या गतिरोधकावर मी श्वास धरला. गाडी वर चढली, खाली उतरली, आणि मागून फक्त टायरचा आवाज आला. आरशात माय खिडकीबाहेर बघत होती. परभणीच्या पुढं रस्ता उखडलेला आहे, तिथं मी पुनःपुन्हा आरशात पाहत होतो. तिनं एकदाच माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, म्होरं बघ, मी कुटं पळून जायलेय? कापूस वेचून झालेली शेतं, पूर्णा, रेल्वेचं फाटक, आणि चुडावा.

मावशी आतल्या खोलीत बाजेवर होती. बाज बुटकी. माय तिच्याजवळ जाऊन वॉकर धरून उभी राहिली आणि मग मला कळलं की आपण एवढ्या लांब आलो खरे, पण हिला खाली बसता येत नाही, वाकता येत नाही. मावशीनं हात वर केला. मायनं एक हात सोडून खाली नेला. दोघींच्या बोटांत वीतभर अंतर राहिलं. मग मायच म्हणाली, तिला माझ्यापाशी आणा.

गाडी दारात लिंबाखाली उभी होती. मायला आधी बसवलं. मावसभावानं आणि मी मावशीला गोधडीसकट उचलून आणलं, तिचं वजन असं काही उरलंच नव्हतं, आणि दुसऱ्या दारानं तिला मायशेजारी टेकवलं. मायनं तिला खांद्याशी घेतलं. मावशीनं तिचा चेहरा चाचपला, तिचा खुबा चाचपला, मग पुटपुटली, कशानं आलीस? मायनं तिच्या कानाशी तोंड नेलं आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "घोडीनं आले."

मावशीला ते बरोबर कळलं. तोंडात एकही दात नसलेली ती म्हातारी अशी हसली की तिला ठसका लागला.

ती त्या दोघींची शेवटची भेट, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मायला बहुतेक माहीत होतं. संध्याकाळपर्यंत दोघी तशाच गाडीत बसून राहिल्या, दारं उघडी टाकून. पेजही मायनं तिथंच पाजली.

पहिला प्रवास झाला की भाराखाली नट एकदा तपासून घ्या, असं मिस्त्रींनी सांगितलं होतं. निघायच्या आधी मी पाना घेऊन गाडीखाली सरकलो. पुढच्या डोळ्याचा नट पाव फेरा आत गेला. वर दोघी काहीतरी बोलत होत्या. म्हणजे माय ओरडत होती आणि मावशी हसत होती. तेवढ्यात तळावर काठीचा टक् आवाज आला.

"आवळ रे आता," माय म्हणाली. "दोघीबी बसलोत."

मी आवळला. पान्यानं टक् केलं. काम संपलं होतं, तरी वरचं हसणं थांबेपर्यंत मी गाडीखालून बाहेर आलो नाही.